गरज सरो, वैद्य मरो

दुःखद प्रसंगाची आठवण बुजविण्यात मनुष्यास एक प्रकारचे समाधान वाटते, आणि व्यक्तीच्या बाबतीत ते क्षम्यही असते. ज्या घरातील कर्ता पुरुष एप्रिल २०२१ मध्ये गेला, त्या घराने तो महिना विसरू पाहिला तर त्यास कोण नावे ठेवील? परंतु व्यक्तीस जे शोभते ते समाजास शोभतेच असे नाही. समाजाचे विस्मरण म्हणजे पुढील पिढीच्या नावे काढलेले कर्ज होय, आणि ते व्याजासह फेडावे लागते. हे लिहिण्याचे कारण असे की, करोनाच्या महामारीसंबंधाने पुण्याच्या सुशिक्षित वर्गात अलीकडे एक मत पक्के होत चालले आहे. ते मत थोडक्यात असे: 'संकट अभूतपूर्व होते, खाटा कमी पडल्या, मग सरकारने मोठाले मांडव घालून त्या वाढविल्या, दैवाने ज्यांस हात दिला ते वाचले, बाकीचे गेले, आता ती उजळणी कशास?' दिवाणखान्यात, लग्नसमारंभात, सकाळच्या फिरण्यात, जिकडे तिकडे हेच ऐकू येते. आमच्या मते या मतातील पहिली दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि ती चुकीची असल्यामुळे शेवटला प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणासच पोचत नाही.

प्रथम 'अभूतपूर्व' या शब्दाचा समाचार घेऊ. हा शब्द दुसऱ्या कोणत्याही शहराने वापरला असता तर आम्ही एक वेळ ऐकून घेतला असता. पुण्याने तो वापरावा हे मात्र नवल आहे. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने ज्या कायद्याचा आधार घेतला तो कायदा १८९७ सालचा आहे. तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अमलात आला, आणि तो आला मुंबई इलाख्यातील प्लेगामुळे. म्हणजे एकविसाव्या शतकातील सरकारने संकटसमयी जी पेटी उघडली, तीत आमच्याच पणजोबांच्या वेळचे हत्यार निघाले. त्या वर्षी पुण्यात काय झाले हे शाळेतील मुलासही ठाऊक आहे. रँडसाहेबाच्या कमिटीने गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती घेतली, रोग्यास व त्याच्या सोबत्यांस बळाने उचलून इस्पितळात व छावणीत नेले, आणि त्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला. पण त्याच वर्षाची दुसरी बाजू आपण क्वचितच सांगतो. लोकमान्य टिळकांनी सरकारवर कोरडे ओढले खरे, परंतु तेवढ्यावर न थांबता हिंदू लोकांकरिता प्लेगचे स्वतंत्र इस्पितळ उभारण्याच्या खटपटीत ते स्वतः पडले. सावित्रीबाई फुले यांनी तर रोग्यांस दवाखान्यात पोचविण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले, आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग्यास योग्य ठिकाणी कोणी न्यावयाचे, कसे न्यावयाचे, आणि नेल्यावर त्याच्याजवळ कोणी बसावयाचे, हे तीनही प्रश्न या शहराने त्या वर्षी आपल्या रक्ताने लिहून ठेविले आहेत. मग २०२० साली ते नवे कसे झाले?

फरक पडला तो एवढाच, की १८९७ साली सरकार रोग्यास त्याच्या इच्छेविरुद्ध ओढून नेत होते, आणि २०२१ साली रोगी 'मला कोठे तरी न्या हो' म्हणून याचना करीत होता व नेणारे कोणी नव्हते. पहिला जुलूम होता यात शंका नाही. दुसऱ्यास काय म्हणावयाचे, ते वाचकांनी ठरवावे.

आता घडलेल्या गोष्टी क्रमाने पाहू. महाराष्ट्रातील पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. त्या वेळी महापालिकेच्या स्वतःच्या रुग्णालयांतील अतिदक्षता खाटा एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने नगण्य होत्या. सारी मदार ससून रुग्णालयावर आणि खासगी इस्पितळांवर होती. ससूनची कित्येक वर्षे रखडलेली अकरा मजली इमारत एप्रिलमध्ये घाईघाईने वापरात आणावी लागली. पहिल्या लाटेचा तडाखा भवानी पेठेसारख्या दाट वस्तीस बसला, तेव्हा नारायण पेठेत बसलेल्यांस तो बराच दूरचा वाटला. या दोन पेठांमध्ये पायी चालण्याचे अंतर आहे! पुढे ऑगस्ट २०२० च्या अखेरीस शिवाजीनगरात, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर, आठशे खाटांचे 'जम्बो' रुग्णालय उघडले. सहाशे खाटा ऑक्सिजनच्या व दोनशे अतिदक्षतेच्या. तसेच दुसरे पिंपरीत नेहरूनगरच्या मैदानावर उभे राहिले. काही आठवड्यांत एवढे अवाढव्य मांडव उभारले, त्यांत नळ्या फिरविल्या, खाटा मांडल्या, याबद्दल ज्या अभियंत्यांनी व मजुरांनी ते केले त्यांचे कौतुक करण्यात आम्ही कोणाच्या मागे नाही.

परंतु उद्घाटनास दोन आठवडे लोटले नाहीत तोच त्या मांडवाचे खरे स्वरूप लोकांस कळून आले. २ सप्टेंबर २०२० च्या पहाटे एका मराठी वृत्तवाहिनीचा तरुण बातमीदार तेथे मरण पावला. त्यास दुसऱ्या रुग्णालयात हलविण्याची धडपड त्याचे मित्र रात्रभर करीत होते. तिकडे खाट मिळण्याची शक्यता झाली तर इकडे श्वसनयंत्राची रुग्णवाहिका मिळेना. ज्याच्या मित्रमंडळींस मंत्र्यांचे व अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक पाठ, त्याची ही गत. मग ज्यास नगरसेवकही ओळखत नाही त्याची काय झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्याच महिन्यात पहिल्या ठेकेदाराकडून काम काढून घ्यावे लागले. तज्ज्ञ, परिचारिका व देखरेख यांची तजवीज आधी न करता खाटा आधी मांडल्या, याचा तो कबुलीजबाबच होता. पुढे लाट ओसरली, जानेवारी २०२१ मध्ये मांडव बंद झाला, आणि मार्चमध्ये पुन्हा उघडावा लागला. बैल गेला नि झोपा केला ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. येथे तर बैल परत आला, झोपा मोडला होता, आणि बैल दुसऱ्यांदा गेला!

यावर कोणी म्हणेल, 'आठशे खाटा तर वाढल्या ना?' हा जो 'खाटा वाढल्या' शब्दप्रयोग आहे, सर्व अनर्थाचे मूळ त्यातच आहे. अतिदक्षतेची खाट म्हणजे काय याचा विचार आपल्या समाजात फारसा झालेला नाही, म्हणून थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. १९५२ साली डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, पोलिओची भयंकर साथ आली. ज्यांच्या श्वसनाचे स्नायू लुळे पडले अशा पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ मरण पावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने रोग्याच्या श्वासनलिकेत छिद्र पाडून हाताने पिशवी दाबून हवा भरण्याचा उपाय काढला. उपाय लागू पडला. पण पिशवी दाबावयाची कोणी? रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे? सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रोग्यांच्या उशाशी बसले आणि आपल्या हातांनी त्यांस श्वास देत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि अतिदक्षता विभाग नावाच्या संस्थेचा जन्म झाला. या संस्थेच्या जन्मकाळी यंत्र नव्हते. होते ते एका रोग्याजवळ एक जागे मनुष्य. पुढे पिशवीच्या जागी यंत्र आले, तरी त्या मनुष्याची गरज संपली नाही. यंत्राचा गजर झाला तर धावावयाचे, कफ ओढावयाचा, रोग्यास पालथे घालावयाचे, रक्तदाब पडला तर औषधाची मात्रा फिरवावयाची, हे सारे तोच करतो. खाट ही त्या जागरणाची केवळ जागा होय.

आता त्रैराशिक मांडू. श्वसनयंत्रावरील रोग्यास प्रत्येक पाळीस एक परिचारिका, आणि अतिदक्षतेतील इतर दोन रोग्यांमागे एक, असा बेताचाच हिशेब धरला आणि दोनशेपैकी निम्मे रोगी यंत्रावर मानले, तर एका पाळीस १५० परिचारिका हव्यात. तीन पाळ्यांस ४५०. आठवड्याची एक सुटी धरली की ५२५. यात आजारपण धरलेले नाही, आणि महामारीत परिचारिकाच सर्वांआधी आजारी पडतात. डॉक्टर, तंत्रज्ञ व सफाईचे सेवक यांचा हिशेब वेगळाच. मांडव तीन आठवड्यांत उभा राहतो. अतिदक्षतेत काम करण्याजोगी परिचारिका तयार व्हावयास वर्षे लागतात. ज्याने खाटांची निविदा काढली त्याने हे त्रैराशिक निविदेच्या आधी मांडले होते काय, हा आमचा साधा प्रश्न आहे.

या बाबतीत आपणच तेवढे फसलो असे नव्हे. लंडन शहरात एका प्रचंड प्रदर्शनगृहात ३ एप्रिल २०२० रोजी हजारो खाटांच्या योजनेचे रुग्णालय उघडले, आणि त्यास फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर परिचारिकेचे नाव दिले. पहिल्या लाटेत तेथे उपचार झाले ते पन्नाससाठ रोग्यांवर. खाटा होत्या, यंत्रे होती, नावही होते. परंतु इतर रुग्णालयांतून काढून तेथे पाठविण्याइतक्या परिचारिका कोणाजवळच नव्हत्या. जिच्या नावे ते रुग्णालय होते तिच्याच भगिनींची तेथे वाण पडावी, याहून बोलके उदाहरण कोणते?

मनुष्यबळाखेरीज वाढविलेल्या खाटा निरुपयोगी होतात एवढेच नाही. त्या प्राणघातकही होतात. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीस गळती लागली व श्वास कोंडून वीसहून अधिक रोगी गेले. दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून तेरा रोगी त्या दिवशीच दगावले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात, करोनासाठी नव्याने केलेल्या अतिदक्षता विभागात, आगीने अकरा जीव घेतले. विजेची वाहिनी, ऑक्सिजनची टाकी, आग विझविण्याची सोय आणि रात्री जागा असलेला जबाबदार मनुष्य यांस 'किरकोळ बाबी' समजून खाटांची संख्या तेवढी वर्तमानपत्रांस देणे, ही सवय किती महाग पडते हे या तीन ठिकाणांनी दाखविले आहे.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू, आणि आमच्या मते हाच अधिक महत्त्वाचा आहे. कितीही खाटा वाढविल्या तरी लाटेच्या ऐन भरात एखादे रुग्णालय भरणारच. अशा वेळी प्राण वाचतात ते एका ठिकाणचा रोगी दुसऱ्या ठिकाणी वेळेवर व सुरक्षितपणे हलविता आला तर. म्हणजे रोग्याचे स्थलांतर हा उपचाराचाच भाग होय. परंतु आपण त्यास हमालीचे काम समजतो. अत्यवस्थ रोग्यास नेणे म्हणजे काय, हे एका आकड्यावरून समजेल. ऑक्सिजनच्या मोठ्या नळकांड्यात सुमारे सात हजार लिटर वायू असतो. मिनिटास दहा लिटर लागणाऱ्या रोग्यास तो अकरा तासांहून अधिक पुरतो. पण ज्यास जोराच्या प्रवाहाने मिनिटास साठ लिटर द्यावे लागतात त्यास दोन तासही पुरत नाही. दीड हजार लिटरचे लहान नळकांडे तर अशा रोग्यास पंचवीस मिनिटांत रिकामे होते. नारायण पेठेतील जुन्या वाड्याच्या अरुंद लाकडी जिन्यावरून एखाद्या वृद्धास खुर्चीत बसवून खाली आणावयाचे, बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीत घालावयाचे, एका रुग्णालयाच्या दारावरून दुसऱ्याच्या दारावर जावयाचे, आणि तेथे 'खाट आत्ताच गेली' हे ऐकावयाचे. यात पंचवीस मिनिटे केव्हाच निघून जातात. मुलगा अमेरिकेत, सून तिकडून दूरध्वनी लावते आहे, आणि म्हातारी नळकांड्याच्या काट्याकडे पाहते आहे: हे चित्र या पेठेत परके नव्हते.

आणि गाड्या तरी किती? राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तीत एकंदर ९३७ गाड्या होत्या. त्यांतील २३३ तेवढ्या अत्यवस्थ रोग्यास नेण्याजोग्या. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे राज्याची वस्ती सव्वाअकरा कोटींच्या घरात धरली, तर पावणेपाच लाखांहून अधिक माणसांमागे अशी एक गाडी पडते. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईस एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात न्यावे लागले, त्याने सारा देश हळहळला. पण जेथे मृतांस न्यावयास दुसरी गाडी नव्हती तेथे जिवंतांस न्यावयास किती होत्या, हा प्रश्न हळहळणारांपैकी फारच थोड्यांनी विचारला.

'हे असेच व्हावयाचे, एवढ्या गर्दीत दुसरे काय होणार?' असे म्हणणारांस आमचे उत्तर मुंबईकडे बोट दाखविण्याचे आहे. एप्रिल २०२१ च्या मध्यास एका रात्री मुंबई महापालिकेच्या सहा रुग्णालयांतील ऑक्सिजन आटत आला. तेथील अधिकाऱ्यांनी रातोरात १६८ रोगी तेथून काढून ऑक्सिजनचा पुरेसा साठा असलेल्या मोठ्या केंद्रांत पोचविले, आणि त्यांपैकी एकही दगावला नाही, असे आयुक्तांनी सांगितले. हे कशाने साधले? मुंबईकरांच्या अंगी काही अलौकिक शक्ती होती म्हणून नव्हे. जून २०२० पासून तेथे चोवीसही विभागांत एकेक नियंत्रण कक्ष होता, खाट कोणास द्यावयाची हे त्या कक्षाने ठरवावयाचे असा दंडक होता, आणि गाड्या त्याच कक्षाच्या हाताखाली होत्या. कोणती खाट कोठे रिकामी आहे हे ज्यास ठाऊक, त्याच्याच हाती गाडी, आणि त्याच्याच माथी जबाबदारी. एवढाच तो मंत्र होता. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या त्या व्यवस्थेची वाखाणणी केली. फ्रान्सने २६ मार्च २०२० रोजी आपल्या वेगवान आगगाडीचे डबे फिरते अतिदक्षता विभाग करून स्त्रासबूर्गचे वीस रोगी देशाच्या पश्चिम भागात हलविले, कारण तेथे रुग्णालयांवर भार कमी होता. आपणही एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून विशाखापट्टणमला आगगाडीने रिकाम्या टाक्या पाठवून ऑक्सिजन आणला. वायूसाठी जी दूरदृष्टी सुचली, ती मनुष्यासाठी का सुचू नये?

पुण्यात काय होते? एक संकेतस्थळ होते, त्यावर खाटांचे आकडे होते, आणि ते आकडे भरणे रुग्णालयांच्याच हाती होते. आकडा रिकामी खाट दाखवी, आणि दाराशी गेलेल्या नातलगास नकार मिळे. शोध घेण्याचे, गाडी मिळविण्याचे, ऑक्सिजन जमविण्याचे आणि कोणत्या दाराशी जावयाचे हे ठरविण्याचे सारे ओझे अखेर कुटुंबावरच पडे. जे काम वैद्यकाचे व शासनाचे, ते घरातील वीस वर्षांच्या पोराने मध्यरात्री दूरध्वनीवर करावयाचे!

आणि येथेच आमच्या वाचकवर्गास दोन कडू शब्द ऐकविणे भाग आहे. ही अनागोंदी कोणास सोयीची होती? जेथे नियम नसतो तेथे वशिला चालतो, आणि वशिला असतो तो आपल्याच वर्गाजवळ. अमुक डॉक्टर माझ्या वर्गातला, तमुक विश्वस्त माझ्या मामेसासऱ्यांचा स्नेही, नगरसेवकाकडे आमचे जाणेयेणे: या भांडवलावर सुशिक्षित कुटुंबांनी खाटा मिळविल्या. आपल्या आईसाठी कोणी धडपडला म्हणून त्यास दोष देण्याइतके आम्ही कठोर नाही. परंतु वशिल्याने मिळालेली प्रत्येक खाट दुसऱ्या कोणाची तरी होती, आणि तो दुसरा अधिक अत्यवस्थ होता की नव्हता हे कोणी पाहिले नाही. पुढे तर एप्रिलच्या लाटेत वशिलाही चालेनासा झाला. तेव्हा कोठे आपल्या वर्गास कळले, की ज्या पुलावरून आपण एकटे पार होऊ असे वाटत होते तो पूल मुळी नव्हताच. लाट ओसरताच हाच वर्ग 'उजळणी कशास?' म्हणू लागला, याचे आम्हांस सर्वांत अधिक दुःख वाटते. ज्याचा आवाज सरकारदरबारी पोचतो, तोच गप्प बसला तर भवानी पेठेतील हमालाने बोलावे काय?

कायदा आपल्या बाजूस नाही असेही नाही. १९९२ साली कलकत्त्याकडे आगगाडीतून पडलेल्या एका मजुरास एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठविले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी निकाल दिला, की असा नकार म्हणजे घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय. आणि पैशाची अडचण ही सबब सरकारास सांगता येणार नाही. तेवढ्यावर न थांबता, खाट कोठे आहे ते तत्काळ समजेल अशी मध्यवर्ती दळणवळणाची व्यवस्था करा, रुग्णवाहिकांची सोय करा, असेही न्यायालयाने बजाविले. हा निकाल लागून महामारीपर्यंत चोवीस वर्षे लोटली होती! उलट १८९७ चा जो कायदा आपण झटकून बाहेर काढला, तो सरकारास वाटेल तो हुकूम काढण्याचा अधिकार देतो. रोग्यास मात्र तो कसलाच हक्क देत नाही. राज्यकर्त्या परक्यांनी तो तसा केला यात नवल नाही. स्वराज्यात तो तसाच चालावा याचे नवल आहे.

आता आक्षेपांचा परामर्श घेऊ. पहिला आक्षेप खासगी इस्पितळांच्या बाजूने येतो: 'आमच्या खाटा, आमचे भांडवल, त्यावर सरकारचा हुकूम का?' हा वाद मे २०२० मध्येच निकालात निघाला आहे. त्या महिन्यात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या ऐंशी टक्के खाटा आपल्या नियमनाखाली घेतल्या आणि दिवसाचे दर बांधून दिले: साध्या कक्षास ४,००० रुपये, अतिदक्षतेस ७,५००, श्वसनयंत्रासह ९,०००. ज्या सरकारास खाटेची किंमत ठरविता येते, त्यास ती खाट कोणास द्यावयाची याची वही ठेवता येत नाही, हे आम्ही कसे मानावे? किंमत बांधली आणि वाटप मोकळे सोडले, म्हणजे दारास कुलूप लावून भिंत पाडल्यासारखे झाले. मात्र ज्या रुग्णालयाच्या खाटा घ्यावयाच्या त्याचा रास्त मोबदला वेळेवर चुकता झाला पाहिजे, हेही आम्ही तितक्याच निक्षून सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक क्षुद्र आहे, पण तो आपल्या शहरात फार ऐकू आला: 'बाहेरगावचे रोगी येऊन आमच्या खाटा अडवितात.' नगर, सातारा, सोलापूर, मराठवाडा येथून लोक पुण्यास येतात, कारण पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राने आपला पैसा, आपले डॉक्टर व आपली विद्या पुण्या-मुंबईस ओतली. विद्यार्थी म्हणून, ग्राहक म्हणून, मजूर म्हणून ते चालतात, आणि रोगी म्हणून मात्र परके ठरतात काय? मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट नियम केला, की रोगी दुसऱ्या शहराचा आहे म्हणून त्यास परत पाठवू नये. नियमाने जे करावे लागले ते माणुसकीने आधीच व्हावयास हवे होते.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मात्र विचारार्ह आहे. साथ नसताना शेकडो अतिदक्षता खाटा रिकाम्या ठेवणे कोणत्याही महापालिकेस परवडणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आम्ही खाटा मागत नाही. आमची मागणी निराळी आहे, आणि ती चार कलमांत सांगता येते. एक: साध्या वॉर्डातील परिचारिकांस दरवर्षी काही आठवडे अतिदक्षतेचे शिक्षण द्यावे, म्हणजे लाट आली की एका अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली अशा दोघीतिघी उभ्या करता येतील. दोन: पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांतील सरकारी, धर्मादाय व खासगी अशा सर्व अतिदक्षता खाटांची एकच वही असावी, ती साथ नसतानाही चालू असावी, आणि खोटी नोंद करणारास दंड असावा. तीन: रोग्यास हलविण्याची जबाबदारी पाठविणाऱ्या रुग्णालयाची; दुसरीकडची खाट निश्चित झाल्यावाचून आणि सोबत जाणता मनुष्य दिल्यावाचून रोगी दाराबाहेर काढू नये. चार: खाटेचा क्रम आजाराच्या गांभीर्याने ठरावा, तो डॉक्टरांच्या मंडळाने ठरवावा, आणि तो कशाने ठरतो हे लोकांस आधी सांगितलेले असावे. यांतील एकाही कलमास आठशे खाटांच्या मांडवाएवढा खर्च नाही. मात्र या चारही कलमांत फीत कापण्यासारखे काही नाही, ही त्यांची मोठी अडचण आम्ही समजून आहो.

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. महामारीच्या दिवसांत राज्यभर हजारो परिचारिका, तंत्रज्ञ व सेवक ठेक्यावर घेतले गेले. लाट चढली की बोलवावयाचे, उतरली की घरी पाठवावयाचे, पुन्हा चढली की पुन्हा बोलवावयाचे. आणि सर्व संपल्यावर त्यांनी कायम नोकरी मागितली तेव्हा त्यांच्या वाट्यास मोर्चे व निवेदने आली. आपण गच्चीत उभे राहून त्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या होत्या. त्यांतील किती जणी आज अतिदक्षतेचे काम सोडून गेल्या, याची मोजदाद कोणी ठेवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपल्या पूर्वजांनी कृतघ्नतेची निंदा करण्यास रचली. आपण ती धोरण म्हणून अंगीकारली आहे. पुढली साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण येणार हे १८९७ पासून या शहरास ठाऊक आहे. त्या वेळी मैदान असेल, मांडववाले असतील, खाटाही मिळतील. रात्री दोन वाजता त्या खाटेशी कोण जागे असेल, हा प्रश्न प्रत्येक सुजाण नागरिकाने आपल्या महापालिकेस आज विचारावा. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.